खिळा, सेल आणि पाण्यातलं नाणं

मंडळी, आपल्या घरात वीज येऊन आता बरीच वर्षं झाली. बटण दाबलं की दिवा लागतो. शेतावर मोटर सुरू होते. बिल येतं, ते आपण भरतो. पण वीज म्हणजे काय काम करते, हे आपल्या हातानं करून पाहिलेली माणसं गावात किती सापडतील? फार थोडी. आज ते करून पाहू.

मी शाळेत शास्त्र विषय शिकवत असे. पुष्कळ शाळांची एक रीत असते. प्रयोगाचं सामान कपाटात आणि कपाटाला कुलूप. साहेब तपासणीला आले की सामान बाहेर काढायचं, पुसायचं आणि परत आत ठेवायचं. मला ही रीत कधी पटली नाही. म्हणून या पाठात कपाटातलं काही लागणार नाही. बॅटरीतला एक सेल घ्या. तीन इंची लोखंडी खिळा घ्या. शिवणाची सुई, थोड्या टाचण्या, एक वाटी आणि एक नाणं घ्या. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातला लोहचुंबक मिळाला तर बरं. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची बारीक तार मिळते, ती चार-पाच हात मागून आणा. त्या तारेवर लाखेसारखा लेप असतो. तारेची दोन्ही टोकं पॉलिश कागदानं घासून तांबं उघडं करा, नाहीतर वीज पुढे जाणार नाही.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. हे सगळे प्रयोग फक्त सेलवर करायचे. सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्यानं माणसाला काही होत नाही. घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. त्यानं माणूस मरतो. ही तार प्लगला लावायची नाही, मुलांना लावू द्यायची नाही.

आता सुई घ्या. लोहचुंबकावर ती एकाच दिशेनं वीस-पंचवीस वेळा घासा. वाटीत पाणी घ्या. वाटी लोखंडाची नको, काचेची किंवा पितळेची चालेल. पाण्यावर झाडाचं एक लहान पान सोडा आणि पानावर सुई अलगद ठेवा. सुई हळूहळू फिरेल आणि उत्तर-दक्षिण होऊन थांबेल. हे झालं होकायंत्र. आता तार सुईच्या वर, सुईला समांतर धरा. तारेची दोन टोकं सेलच्या दोन बाजूंना क्षणभर टेकवा. सुई बाजूला वळते! टोकं काढा. सुई परत जागेवर येते. टोकांची अदलाबदल करा. सुई आता उलट्या बाजूला वळते.

तारेत तर लोखंड नाही, तांबं आहे. तांब्याला चुंबक ओढत नाही. मग सुई कुणी हलवली? तारेतून जाणाऱ्या विजेनं. वीज वाहू लागली की तारेच्या भोवती चुंबकाचा जोर तयार होतो. ही गोष्ट डेन्मार्क देशातल्या कोपनहेगन शहरात हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकानं १८२० साली दाखवली. तोवर वीज वेगळी आणि चुंबक वेगळा, असं बहुतेक लोक समजत होते.

आता हाच जोर वाढवू. तार खिळ्यावर रहाटाच्या दोरासारखी गुंडाळा. एकाला एक लागून पन्नास-साठ वेढे द्या. टोकं सेलला टेकवा आणि खिळा टाचण्यांवर धरा. टाचण्या उड्या मारून चिकटतात. टोक सोडा, बहुतेक टाचण्या गळून पडतात. सेल फार वेळ जोडून ठेवू नका, तार तापते आणि सेल लवकर संपतो. वेढे वाढवा, टाचण्या जास्त उचलल्या जातील. मोजून पाहा.

हा पोरखेळ नाही बरं का. हाच खिळा तुमच्या शेतावर रोज काम करतो आहे. मोटरच्या स्टार्टरची पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात एक कॉइल असते. कॉइल जळाली, असं आपण म्हणतो, तीच ही. ती म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार, आपल्या खिळ्यासारखीच. हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, लोखंड चुंबक होतं आणि आतल्या पट्ट्या ओढून एकमेकींना चिकटवून धरतं. मग मोटर चालते. लाइन गेली की चुंबकाचा जोर जातो, टाचण्या पडल्या तशा पट्ट्या सुटतात. लाइन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. माणसानं येऊन बटण दाबावं लागतं.

ही सोय मुद्दाम केलेली आहे. समजा लाइन गेली म्हणून कुणी विहिरीत उतरला, मोटरची तार हातात घेतली, आणि तेवढ्यात लाइन आली. कॉइलनं पट्ट्या सोडलेल्या असतील तर तो माणूस वाचतो. पण आपण काय करतो? रात्री उठायचा कंटाळा. मग हिरव्या बटणात लाकडाची पाचर ठोकतो किंवा बटण सुतळीनं बांधून ठेवतो. कुणी आपोआप सुरू होणारा स्विच बसवतो. रात्रीबेरात्री येणाऱ्या लाइनीचा जाच मला ठाऊक आहे. साप-विंचवाच्या भीतीनं माणूस रात्री शेतावर जायला धजत नाही, यात त्याचा दोष नाही. तरी पाचर ठोकणं म्हणजे राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधण्यासारखं आहे. आपोआपचा स्विच बसवलाच असेल, तर विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढा आणि फ्यूज स्वतःच्या खिशात घाला. वर दुसरा माणूस उभा करा.

दाब कमी असला की स्टार्टर घूं घूं करतो आणि सुटतो. तेव्हाही पाचरीचा मोह होतो. पण कॉइल सुटते ती मोटर वाचावी म्हणून. कमी दाबावर मोटर आपलं काम करण्यासाठी जास्त वीज ओढते, आतली तार तापते आणि वाइंडिंग जळतं. तीनपैकी एक फेज गेला तरी तेच होतं. पंपाचं बिल कुणीही भरो, वाइंडिंगचे पैसे आपल्याच खिशातून जातात. आणि पाणी जातं ते वेगळंच. ऐन पाळीच्या वेळी आठ दिवस मोटर दुकानात पडली, तर उभ्या पिकाचं काय होतं ते मी सांगायला नको.

विजेनं चुंबक होतो, हे आपण पाहिलं. मग चुंबकानं वीज होईल का? हा प्रश्न ज्या माणसानं सोडवला, त्याची गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

त्याचं नाव मायकेल फॅरडे. जन्म १७९१ सालचा, इंग्लंडातला. बाप लोहार, घरात गरिबी. लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब, एवढंच शिक्षण त्याला मिळालं. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात कामाला राहिला. तिथे सात वर्षं उमेदवारी केली. पानं शिवायची, पुठ्ठा चढवायचा. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा फावल्या वेळात वाचून काढी. एकदा ज्ञानकोशाचा एक भाग आला, त्यात विजेवर लेख होता. तो त्यानं वाचला आणि थोडे पैसे वाचवून लहानसं यंत्रही तयार केलं. पुढे १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला सर हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, त्यांचं आपल्या हातानं पुस्तक बांधलं आणि ते डेव्हीलाच पाठवून दिलं. १८१३ साली डेव्हीनं त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून घेतलं. मोठं गणित त्याला कधीच आलं नाही. पण हाताला जे दिसेल ते बारकाईनं पाहणं आणि वहीत लिहून ठेवणं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

१८३१ साली त्याला उत्तर सापडलं. तारेच्या गुंडाळीत चुंबक नुसता ठेवला तर काही होत नाही. चुंबक आत सरकवला की तारेत वीज वाहते. बाहेर ओढला की उलटी वाहते. थांबला की वीज थांबते. म्हणजे चुंबक आणि तार यांपैकी एक तरी हलत राहिलं पाहिजे. सगळी मौज त्या हलण्यात आहे. त्याच संस्थेत १८२५ सालापासून नाताळात मुलांसाठी सप्रयोग व्याख्यानं होऊ लागली. फॅरडेनं स्वतः १९ वेळा ती दिली. आपल्याकडे असे मास्तर थोडे निपजले, हे मला खटकतं.

तुम्हीही वीज करून पाहा. मोडक्या खेळण्यातली लहान मोटर घ्या, चाक दांड्यावर असू द्या. आत चुंबक आणि तारेची गुंडाळी असते. मोटरच्या दोन तारा एका बारीक लाल एलईडी दिव्याला जोडा. चाकाला दोरा गुंडाळून जोरानं ओढा. दिवा लकाकतो. लकाकला नाही तर दुसऱ्या बाजूनं फिरवा. मागे सायकलच्या टायरला लागून फिरणारा डायनामो असायचा, त्याचं काम हेच होतं.

आता दिवा काढा आणि चाकाला बोटानं झटका द्या. चाक थोडा वेळ सहज फिरतं. मग मोटरच्या दोन तारा एकमेकींना जोडून तसाच झटका द्या. चाक जड लागतं आणि लगेच थांबतं. तारेतून वीज वाहू लागली, तिचा चुंबक झाला, आणि तो चुंबक चाकाला मागे खेचू लागला. वीज काढायची तर जोर लावावाच लागतो.

कोयनेला हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून जातं आणि साडेचारशे मीटरहून अधिक खाली पोफळीला कोसळतं. तिथे डोंगराच्या आत खोदलेल्या वीजघरात ते चाकं फिरवतं. १९६२ सालापासून ते चालू आहे. त्याच्याही आधी, १९१५ साली, लोणावळ्याकडचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. आपण घरात आणखी एक दिवा लावला की कुठल्या तरी वीजघरातलं चाक रेसभर जड होतं. मग ते फिरतं ठेवायला तिथल्या माणसाला जास्त पाणी सोडावं लागतं, किंवा जास्त कोळसा जाळावा लागतो.

मग ही वीज वाया कुठे जाते? हे पाहायला तुमचं मीटरच पुरेसं आहे. आताच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो. मीटरवर एक आकडाही छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. म्हणजे ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास चालवणं.

रात्री घरातलं सगळं बंद करा. ठिपका थांबला पाहिजे. थांबला नाही तर टीव्हीचा डबा, चार्जर असं काही तरी चालू राहिलेलं आहे, ते शोधा. काहीच सापडलं नाही तर वायरिंगमध्ये वीज गळत असेल, वायरमनला बोलवा. मग ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि घड्याळ धरून मोजा. मिनिटाला तीनदा ठिपका लुकलुकेल. तो काढून ९ वॅटचा एलईडी लावा. दोन मिनिटांत जेमतेम एकदा. उजेड तर सारखाच वाटतो. आता पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड लावा. मिनिटाला ऐंशी वेळा! (रॉड चालू असताना पाणी कोमट झालं का म्हणून बोट बुडवायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट.)

पिवळ्या बल्बला इतकी वीज का लागते? त्याच्याजवळ हात न्या, काचेला लावू नका. चटका जाणवतो. आतली तार तापून पांढरी होते तेव्हा उजेड पडतो. त्याला दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकी पाचेक भागांचाच उजेड होतो, बाकी सगळी ऊब. खरं तर ती एक लहानशी शेगडीच आहे. कुक्कुटपालन करणाऱ्याला हे कधीचं ठाऊक आहे. थंडीत पिलांना ऊब द्यायला तो हाच बल्ब टांगतो, आणि तिथे तो बरोबरच आहे. एलईडीमध्ये तार तापवायची नसते, म्हणून थोड्या विजेत भागतं. निळ्या एलईडीचा शोध लागला म्हणून पांढरा दिवा करता आला. त्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

हिशेब मांडू. ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास, ३० दिवस. तास झाले १५०. साठ गुणिले दीडशे म्हणजे ९०००. भागिले हजार, ९ युनिट. एलईडीचे? नऊ गुणिले दीडशे, १३५०. म्हणजे एक युनिट आणि वर थोडं. एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिट वाचले. बिलावर दर छापलेला असतो, त्यानं गुणा. महाराष्ट्रात घरगुती वापर १०० युनिटांच्या वर गेला की वरच्या युनिटांना दर वाढतो, तेही बिलावर पाहा. पंखा जुना असेल तर ७५ वॅट खातो, आताचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. तो महाग मिळतो, म्हणून ज्याच्या घरी पंखा दिवसरात्र चालतो त्यानंच आधी घ्यावा. पंख्याचा जुना खोक्यासारखा रेग्युलेटर हाताला गरम लागतो, तीही वायाच गेलेली वीज. फ्रिज किंवा पंखा घेताना त्यावरचे तारे पाहा. २००६ सालापासून भारतात वस्तूंवर हे तारे लावतात. सारख्या मापाच्या दोन वस्तूंत जास्त तारे म्हणजे कमी वीज.

चुलीचंही तसंच आहे. बटाट्याच्या पाण्याला उकळी आली की आच कमी करा. पाणी मोठ्या आचेवर जेवढं तापतं तेवढंच बारीक आचेवर उकळताना तापतं. मोठी आच फक्त वाफ करते. झाकण ठेवा म्हणजे झालं.

आता राहिलं नाणं. ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

एक खोलगट, आतलं न दिसणारी वाटी घ्या. तळाला नाणं ठेवा. तुम्ही वाटीकडे पाहत हळूहळू मागे सरा. काठामागे नाणं दिसेनासं झालं की तिथेच थांबा. मान हलवू नका. आता घरातल्या कुणाला तरी वाटीत सावकाश पाणी ओतायला सांगा. नाणं परत दिसू लागतं! नाणं हललेलं नाही, तुम्हीही हललेले नाही.

हलला तो उजेड. नाण्यावरून निघालेला किरण पाण्यातून हवेत येताना वाकतो. बैलगाडी पक्क्या रस्त्यावरून तिरकी चिखलात शिरली, तर एक चाक आधी रुततं, दुसरं अजून पळत असतं, आणि गाडीचं तोंड वळतं. उजेडाचंही असंच. हवेत तो सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख. वेग बदलला की तिरका किरण वळतो. पण आपल्या डोळ्याला हे कळत नाही. डोळा समजतो की किरण सरळच आला. म्हणून तळ वर उचलल्यासारखा दिसतो.

किती वर? बरोबर वरून पाहिलं तर चार हिश्शांतले तीनच हिस्से खोली दिसते. काठावर उभं राहून तिरकं पाहिलं तर त्याहूनही कमी. सहा फूट पाणी साडेचार फूट वाटतं. साडेपाच फूट उंचीचा माणूस म्हणतो, खांद्याएवढंच आहे, आणि पाय टाकतो. पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. पोरांचं तर विचारूच नका. निवळशंख पाणी जास्त फसवं, कारण त्यात तळ दिसतो.

शेततळ्याला आणखी एक खोड आहे. त्याच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. चांगला पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही, हाताला धरायला काही नसतं.

तेव्हा मुलांना घेऊन एकदा हा प्रयोग करा. लांब वेळूला हात-हात अंतरावर रंगाचे पट्टे ओढा. काठावरून प्रत्येकाला विचारा, पाणी किती असेल? आकडे पाटीवर लिहून ठेवा. मग काठावर नीट बसून वेळू सरळ तळाला टेकवा आणि भिजलेले पट्टे मोजा. पाटीवरचे आकडे आणि पट्टे शेजारी-शेजारी ठेवून मुलांना पाहू द्या. मग तोच वेळू तिथे काठाशी पुरून टाका, पट्टे पाण्याबाहेर दिसतील असा. शेततळ्याच्या चारी बाजूंना खुंटीला पक्के बांधलेले दोर पाण्यात सोडून ठेवा. दोराला दीड-दीड हातावर गाठी असू द्या, म्हणजे ओला हात सटकत नाही. ऊन-पाण्यानं दोर कुजतो, म्हणून दर पावसाळ्याआधी तो ओढून पाहा आणि कच्चा झाला असेल तर बदला.